बूट मीच लपवलेत

प्रिय भाऊजी,

हो, मीच. बूट मीच लपवलेत. काल दुकानाच्या दारात उभे राहून, चार गिऱ्हाइकांच्या देखत, "वहिनी, पोरीचे बूट कुठं गेले?" असं विचारलंत, तेव्हा मी म्हणाले की उंदरांनी नेले असतील, त्यांनाही रविवारी पळायचं असेल. गिऱ्हाइकं हसली, आमच्या इस्त्रीवाल्या बाई तर इस्त्री उभी करून हसल्या, आणि तुम्ही नाक फुगवून निघून गेलात. तर खरं उत्तर हे. बूट माझ्याकडे आहेत आणि रविवार उलटेपर्यंत बाहेर येणार नाहीत. शोधायचेच असतील तर या खुशाल, पण धुवायच्या चादरींच्या ढिगात शिरावं लागेल, आणि कोणाकोणाच्या चादरी आहेत ते मी आधी सांगणार नाही.

रोज तोंड दिसतं तरी पत्र कशाला, असं म्हणाल. समोर आलात की मला तुमची थट्टा सुचते, दुसरं काही सुचत नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासूनची खोड. फोन करावा तर तुमचं अर्धं लक्ष मैदानात, माझं वाक्य संपायच्या आत "गुडघे वर! गुडघे वर!" असं कोणावर तरी ओरडता, आणि मी इकडे उगीच गुडघे वर घेते. म्हणून हे शर्टाच्या घडीत घालतो त्या पुठ्ठ्यांवर लिहितेय. एका खोलीत चार इयत्ता बसायच्या अशा गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, चुका काढत बसू नका. तुमच्या धुतलेल्या ट्रॅकसूटच्या घडीत ठेवते. दुसरीकडे कुठं ठेवलं तर तुम्ही वाचायचे नाहीत. ट्रॅकसूट मात्र रोज घालता, पळण्याशी काही संबंध उरला नसला तरी.

तर ऐका. भिंगरी रविवारी निवडीच्या शर्यतीत पळणार नाही. ती तुमची पुतणी आहे, तुमच्या मैदानावरची सगळ्यात वेगवान पोर आहे, तुमचं नाव काढेल, सगळं मान्य. पण माझी ती एकच लेक आहे आणि मला ती जिवंत हवी. एवढं साधं मागणं तुमच्या टाळक्यात का शिरत नाही, याचा मी गेला आठवडाभर विचार करतेय. टाळकं जाड आहे हे माहीत होतं, एवढं जाड असेल असं वाटलं नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वीचा तो ताप आठवतो ना, आमच्या दुकानात एकेकाला आडवं करत गेला तो? आधी इस्त्रीवाल्या बाई, मग मी, मग भिंगरी. मी आठ दिवस खोकत कपडे मोजले. ती पाचव्या दिवशी उठली आणि मैदानावर आली. का, तर तुमच्या शेडच्या भिंतीवर लाल रंगात हातभर अक्षरात लिहिलंय, 'घाम हेच औषध'. भाऊजी, मी अठरा वर्षं लोकांचा घाम धुतेय. ते औषध असतं तर मी आजवर अमर झाले असते. घामानं कॉलरला पिवळा डाग पडतो आणि बगलेत कापड कुजतं, त्यापलीकडे घामात काही नाही. ज्यानं जन्मात स्वतःचा बनियन धुतला नाही त्यालाच घामाचं एवढं कौतुक.

त्या दिवशी तिसऱ्या फेरीला तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ती गवतात बसली. तुम्ही बाटलीभर पाणी तिच्या तोंडावर मारलंत आणि म्हणालात, "आळस आहे, निघेल." हे मला तिनं सांगितलेलं नाही. ती तुमची चुगली करायची नाही, देवापुढंसुद्धा. उंच उडीवाली पोरगी मोजे न्यायला आली होती, तिनं सांगितलं. मग मी लक्ष ठेवायला लागले. दुकानाच्या माथ्यावरच्या आमच्या खोलीला चौदा पायऱ्या आहेत, तुम्हाला माहीत आहेत. ही बया लहानपणापासून त्या तीन ढांगांत चढते. दहा दिवसांपूर्वी सातव्या पायरीवर कठडा धरून थांबली. मी खालून बघतेय म्हटल्यावर वाकून बुटाची लेस बांधायला लागली. लेस बांधलेलीच होती, भाऊजी. बांधलेली लेस सोडून ती परत बांधत होती, आणि पाठ लोहाराच्या भात्यासारखी हलत होती.

मी हातातली कपड्यांची टोपली तिथंच खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला धरून डॉक्टरणीकडे नेलं. तिथं छातीला वायरी चिकटवून कागदाची पट्टी काढली, रक्त घेतलं, थंडगार काहीतरी लावून छातीवर यंत्र फिरवलं, आणि दोन दिवसांनी त्या बोगद्यासारख्या यंत्रातही घातलं. डॉक्टरीण लहानखुरी आहे, भिंगरीहून फार तर दहा वर्षांनी मोठी, पण बोलायला स्पष्ट. म्हणाली, ज्या विषाणूनं ताप आला तोच हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचला, तिथं सूज आहे. सगळ्यांचं असं होत नाही, बहुतेकांचा ताप येतो नि जातो. पण तापानंतर छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली, नेहमीच्या कामाला दम लागला, तर आधी तपासायचं आणि मग पळायचं. हिनं उलटं केलं. आता निदान तीन महिने, कदाचित सहा, शर्यत नाही, सराव नाही, धावत बस पकडणंसुद्धा नाही. मग पुन्हा सगळ्या तपासण्या, आणि त्या चांगल्या आल्या तर हळूहळू सुरुवात. आणि मधे पळाली तर? असं मी विचारलं. डॉक्टरीण म्हणाली, सुजलेल्या हृदयावर जोर पडला की ठोक्यांचा ताल बिघडू शकतो. काही जण तिथंच कोसळतात. काही जण उठत नाहीत.

मी म्हणाले, म्हणजे ओला लोकरीचा स्वेटर. ती म्हणाली, काय? मग मी तिला समजावलं. लोकर ओली असताना दोरीवर टांगली की आपल्याच वजनानं ताणते, बाह्या गुडघ्यापर्यंत येतात, मग काही करा, ती आकारात येत नाही. ओली लोकर सपाट पसरायची आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. घाईचं काम नाही. वाळली की पुन्हा थंडीत घाला, नव्यासारखी. डॉक्टरीण म्हणाली, "मावशी, हे मी उद्यापासून पेशंटना सांगणार." बघा, एवढी शिकलेली बाई, तिनं सातवी पास धोबिणीचं ऐकून घेतलं. तुम्ही मात्र दोघींचंही ऐकायला तयार नाही.

मी रिपोर्ट घेऊन तुमच्याकडे आले त्या दिवसाचं तुम्हाला काही वाटत नसेल, पण मला ते सगळं चित्रासारखं दिसतं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात, म्हणजे वाचायचं नव्हतंच. कागद हातात घेऊन वजन केल्यासारखा वरखाली केलात आणि म्हणालात, "डॉक्टर लोक घाबरवतात, वहिनी. गाडी उभी ठेवली की गंज चढतो." अहो, तुम्ही बसच्या कारखान्यात चाकं बदलता बदलता वेळेआधीच निवृत्त झालात. हृदयाला बॉनेट नसतं आणि जॅक लावून ते वर उचलता येत नाही. मग छाती पुढं काढून म्हणालात, "मनाचा दम पाहिजे." तुमची छाती हल्ली दमानं पुढं येत नाही, पोट तिला ढकलतं, ते एक असो. आणि दमाचं म्हणाल तर टाचेत काच गेली होती तेव्हा अकरा दिवस खुर्चीतून उठला नव्हतात तुम्ही. पाय उशीवर, शिट्टी गळ्यात. मी डबा घेऊन यायचे तर म्हणायचात, "वहिनी, जरा हळू ठेवा, धक्का बसतो." टाचेला अकरा दिवस आणि हृदयाला पाणी मारून फेरी पूर्ण कर. वा रे गुरुजी.

पण या सगळ्याला मी हसून सोडलं असतं. सोमवारी भिंगरीची पँट धुवायला घेतली तेव्हा हसू गेलं. सवयीनं खिसे उलटे केले तर घडी केलेला फॉर्म निघाला. शर्यतीचा. त्यात एक रकाना आहे, गेल्या महिन्यात काही आजार झाला का. त्यापुढं लिहिलंय, 'नाही'. अक्षर तुमचं आहे, भाऊजी. तुमचा तो नांगराच्या फाळासारखा 'न' मी कुठंही ओळखेन. सही तिची, पण 'नाही' तुमचं.

त्या 'नाही'वर बोट ठेवून मी धुण्याच्या दगडावर टेकले. इस्त्रीवाल्या बाईंनी विचारलं, "काय हो, चक्कर आली का?" मी म्हणाले, आमच्या भाऊजींचं अक्षर एवढं सुंदर, भोवळ येणारच. त्या हसल्या. मला आयुष्यात एवढंच जमतं. कोणी मेलं तरी मी सगळ्यांना हसवीन.

त्या संध्याकाळी भिंगरीला फॉर्म दाखवला. तिनं तो शांतपणे माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "आई, उसने बूट घालून पळेन, पण पळेन. बूट लपवून काय होणार?" मी म्हणाले, डॉक्टरीण म्हणाली ते ऐकलंस ना? तर तुमच्याच सुरात म्हणाली, "बाबांना कुठं काय झालं होतं? साधी सर्दी नव्हती. काका सांगतात ना. ठणठणीत होते आणि तरी गेले. जायचं असलं की माणूस खुर्चीत बसूनही जातो. मग मी कशाला भिऊन बसू?" आणि पायऱ्या चढून वर गेली. हळू चढली. मी मोजत होते.

'साधी सर्दी नव्हती' हे वाक्य तिचं नाही, तुमचंही नाही. ते कुठून आलं ते फक्त मला माहीत आहे.

एकोणीस वर्षं झाली. भिंगरी दोन वर्षांची होती. कारखान्याची वार्षिक शर्यत, तुमच्या दादांनी ओळीनं चार वर्षं जिंकलेली, पाचवी जिंकली की चषक कायमचा घरी. तुम्ही पंधरा दिवस सासुरवाडीला होतात आणि त्याच सकाळी परत आलात, थेट सायकलवरून आमच्या फाटकाशी. पुढचं तुम्ही प्रत्येक नव्या पोराला सांगता. दादा हसत निघाला, शेवटच्या वळणापर्यंत सगळ्यांच्या पुढं होता, झेंड्याच्या अलीकडे चाळीस पावलांवर पडला आणि उठला नाही. वय एकतीस. शेडमध्ये त्यांचा फोटो लावलाय, दर महिन्याला स्वतः पुसता. फोटोखाली उभं राहून सांगता, "माझ्या भावाला कसलाही आजार नव्हता." त्यावरच तुमचं सगळं तत्त्वज्ञान उभं आहे. ठणठणीत माणूस असा जातो, तर मग तापाला कोण विचारतो, डॉक्टरला कोण विचारतो. तुमचा राग करताना मला दर वेळी हे आठवतं, आणि माझा राग अर्ध्या वाटेत लंगडा होतो. तुम्ही मूर्ख आहात हे खरं. पण तुम्हाला मूर्ख कोणी ठेवलं?

तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते मी विसरलेले नाही. ही लॉन्ड्री उभी करताना पहिली दोरी तुम्ही ठोकलीत, वाकडी ठोकलीत, अजून वाकडीच आहे. भिंगरीला चालता येण्याआधी पळायला तुम्ही शिकवलंत. जी माणसं मला येता-जाता टोमणे मारायची, त्यांच्या अंगावर तुम्ही धावून गेलात. म्हणून तर इतकी वर्षं मी थट्टेवर भागवलं. थट्टा केली की खोल कोणी विचारत नाही. तुम्हीही नाही विचारलंत.

ती माझं ऐकत नाही. डॉक्टरणीचं ऐकत नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही "थांब" म्हणालात तर ती थांबेल, आणि तुम्ही "थांब" म्हणायचे नाहीत, जोवर तुमच्या दादांची खरी गोष्ट तुम्हाला कळत नाही. माझ्या तोंडून ऐकलीत तर मी मधेच काहीतरी विनोद करीन आणि तुम्ही हसाल. म्हणून हे पत्र. आणि हा शेवटचा पुठ्ठा तिलाही वाचायला द्या. माझी बाजू घेऊ नका.

ताप होता, भाऊजी. सहा दिवस होता. कारखाना देखभालीसाठी आठवडाभर बंद, म्हणून कामावर कोणाला कळलं नाही, आणि तुम्ही गावाला. सहाव्या दिवशी उतरल्यासारखा वाटला, पण छातीत जड जड होतंय म्हणाले. शर्यतीच्या सकाळी ते पाणी आणायला खाली गेले, वर येताना सातव्या पायरीवर थांबले, कठडा धरून. मी बघितलं. मग आडवे झाले आणि म्हणाले, आज नको, धाकट्याला सांग मी येत नाही. तेवढ्यात तुमची सायकलची घंटी वाजली. आणि मी, मी त्या कारखान्याच्या कोठारातल्या कारकुनाच्या बायकोला आठवडाभर ऐकवत होते की चषक आमच्याच फळीवर येणार, जागा पुसून ठेवलीय. तिचा नवरा दर वर्षी दुसरा यायचा. तिच्यापुढं तोंड कसं दाखवायचं एवढाच माझ्या डोक्यात विचार. मी म्हणाले, अहो, एवढ्याशा तापाला मुटकुळं करून निजलात? माझं लुगडं देऊ का नेसायला? ते हसले नाहीत. मी हसले. चौदा पायऱ्या उतरून खाली आले आणि तुम्हाला सांगितलं, "येताहेत, बूट बांधताहेत." नंतर दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, आधी काही ताप वगैरे? तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात. मी म्हणाले, नाही, ठणठणीत होते. ते 'नाही' माझं.

ते बूट बांधत नव्हते, भाऊजी. भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी परत वर गेले, त्यांना उठवून बसवलं, आणि त्यांचे बूट मी बांधले.

तुमचीच, म्हणू दिलंत तर,
वहिनी